लिथियम नायोबेटाच्या प्रकाशवाहिन्यांतील प्रकाशजन्य विकार : शोधाचा काल, नामांतरें व निर्णय

१. विषयप्रवेश

या त्रैमासिकांत बहुधा बखरी, पत्रें, सनदा, शिलालेख व पोथ्या यांचा विचार येतो. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून निराळा, म्हणजे एका स्फटिकाचा व त्यांत प्रकाशानें उठणाऱ्या खुणांचा आहे. तथापि आमच्या वाचकांच्या अभ्यासाशीं तो अगदींच असंबद्ध आहे असें आम्हांस वाटत नाहीं. जुन्या कागदावरील एखादी खूण हा डाग आहे कीं अक्षर आहे, लेखकाच्या हातून सांडलेली शाई आहे कीं मुद्दाम दिलेला अनुस्वार आहे, हा प्रश्न पोथ्या चाळणाऱ्या प्रत्येकास पडतो आणि त्याच्या उत्तरावर सगळा पाठ फिरतो. हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पदार्थविज्ञानवेत्त्यांस एका पारदर्शक स्फटिकासंबंधानें पडला. त्यांनीं प्रथम दिलेलें उत्तर दोन वर्षांत फिरवावें लागलें, आणि फिरविलेलें उत्तरहि सर्व ठिकाणीं लागू पडलें नाहीं.

या विषयाची ओझरती माहिती असणाऱ्यांच्या दोन समजुती सहज होतात. पहिली अशी कीं, हा गुण लेखसंग्रहाचें नवें साधन म्हणून शोधून काढण्यांत आला. दुसरी अशी कीं, तो स्फटिकाचा निव्वळ दोष असून त्यावर आतां कायमचा उपाय झाला आहे. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत, हें मूळ निबंधांचीं शीर्षकें व त्यांचा कालानुक्रम यांवरून दाखवावें, एवढाच आमचा हेतु आहे.

२. द्रव्याचा पूर्ववृत्तांत

लिथियम नायोबेट हें लिथियम, नायोबियम व प्राणवायु यांचें संयुग. लिथियम धातूचें अस्तित्व स्वीडनमधील आर्फवेडसन यानें इ. स. १८१७ त पेटालाइट नांवाच्या खनिजांत ओळखलें. दगडांत सांपडला म्हणून ग्रीक भाषेंतील दगडवाचक शब्दावरून त्याचें नांव पडलें. नायोबियमची हकीगत संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेंतून विंथ्रॉप नांवाच्या गृहस्थानें पाठविलेला एक काळा जड दगड हान्स स्लोन याच्या संग्रहांत होता, व त्या संग्रहाबरोबर तो ब्रिटिश म्यूझियममध्यें आला. इ. स. १८०१ त चार्ल्स हॅचेट यानें त्याचें पृथक्करण करून त्यांत एक नवें मूलद्रव्य असल्याचें जाहीर केलें व त्यास कोलंबियम म्हटलें. इ. स. १८०९ त वोलास्टन यानें हें द्रव्य व टँटॅलम एकच, असा निर्णय दिला. तो निर्णय चुकीचा असल्याचें बर्लिनच्या हाइनरिख रोझ यानें इ. स. १८४४ त दाखविलें, आणि ग्रीक पुराणांतील टँटॅलस राजाची कन्या नायोबी हिच्यावरून नवें नांव घातलें. पुढें शंभर वर्षें एकाच द्रव्याचीं दोन नांवें चालत राहिलीं. आंतरराष्ट्रीय रसायनसंघानें इ. स. १९४९-५० त नायोबियम हेंच नांव कायम केलें. संग्रहाच्या यादींत दगडाची नोंद व पाठविणाऱ्याचें नांव नसतें, तर हॅचेटच्या हातीं आलेला दगड कोठला हें सांगतां आलें नसतें, ही गोष्ट जातां जातां नमूद करून ठेवतों.

लिथियम नायोबेटाच्या अंतर्रचनेचा विचार झाखारियासेन यानें इ. स. १९२८ (शके १८५०) त केला होता. इ. स. १९४९ त अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या मॅथियास व रेमाइका यांनीं या द्रव्यांत स्वयंभू विद्युद्ध्रुवता असल्याचें प्रसिद्ध केलें. म्हणजे स्फटिकांतील धन व ऋण भार एका ठराविक अक्षाच्या दिशेनें किंचित् सरकलेले असतात, व बाहेरून वीज न लावतांहि त्या दिशेस एक प्रकारचा आंतरिक कल राहतो. चांगले मोठे स्फटिक मात्र इ. स. १९६५ त त्याच प्रयोगशाळेच्या बॉलमन यानें चोक्राल्स्कीच्या पद्धतीनें वितळलेल्या रसांतून ओढून काढले. ही पद्धति इ. स. १९१६ ची. चोक्राल्स्कीनें लिहितां लिहितां दौतीऐवजीं वितळलेल्या कथिलांत टांक बुडविला आणि टोंकाशीं धातूचा तंतु लोंबत आला, त्यावरून त्यास ही युक्ति सुचली, अशी आख्यायिका आहे.

पुढील विवेचनास दोन गोष्टी पुरेशा आहेत. प्रकाश पदार्थांत शिरतांना ज्या प्रमाणांत मंदावतो त्या प्रमाणास वक्रीभवनांक म्हणतात. तांबड्या प्रकाशास या स्फटिकाचा वक्रीभवनांक, कंपनाच्या दिशेप्रमाणें, सुमारें २.२९ किंवा २.२० असतो. दुसरें असें कीं, या स्फटिकास विजेचा दाब लावला असतां हा अंक थोडा बदलतो. विजेच्या इशाऱ्यानें प्रकाश वळविण्याचा गुण ज्या थोड्या द्रव्यांत उत्तम आहे त्यांत याची गणना होते, आणि त्याची सर्व प्रतिष्ठा याच गुणावर उभी आहे.

३. पहिली नोंद, इ. स. १९६६

लेसर नामक एकरंगी व एकदिश प्रकाश इ. स. १९६० त मेमन यानें सिद्ध केला. पुढच्याच वर्षीं मिशिगन विद्यापीठांत फ्रँकन व त्याचे तीन सहकारी यांनीं तांबडा लेसर कांचमण्यांतून नेऊन त्याच्या निम्म्या तरंगलांबीचा अदृश्य प्रकाश उत्पन्न केला. प्रकाशलेखाच्या पट्टीवर या नव्या प्रकाशाचा एक बारीक ठिपका उमटला होता. निबंध छापून आला तेव्हां बाण जागेवर होता, पण ज्याकडे बाण दाखवीत होता तो ठिपकाच नव्हता! छापणारांनीं तो कचऱ्याचा डाग समजून काढून टाकला, असें सांगतात. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं हस्तलिखितावरून छापील प्रत तयार करविली असेल त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

या प्रयोगानंतर तरंगलांबी पालटणाऱ्या स्फटिकांचा शोध सुरू झाला व लिथियम नायोबेट पुढें आलें. बेल प्रयोगशाळेंत त्यांतून लेसर नेत असतां असें आढळलें कीं, किरण आरंभीं स्वच्छ जातो, परंतु कांहीं वेळानें पसरूं लागतो व त्याचा आकार बिघडतो. जेथून किरण गेला तेथील वक्रीभवनांक उतरलेला असतो. दिवा विझविला तरी ती खूण अंधारांत टिकते. स्फटिक सुमारें १७० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविला म्हणजे मात्र ती साफ नाहींशी होते. ॲश्किन, बॉइड, जीजिक, स्मिथ, बॉलमन, लेव्हिन्स्टाइन व नासाउ या सात जणांनीं ही हकीगत इ. स. १९६६ (शके १८८८) त ‘ॲप्लाइड फिजिक्स लेटर्स’ या पत्राच्या नवव्या खंडांत प्रसिद्ध केली. या विषयावरील ही आद्य नोंद होय. तिच्या कर्त्यांतील आर्थर ॲश्किन यास पुढें इ. स. २०१८ त नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र प्रकाशानें सूक्ष्म कण धरण्याच्या निराळ्या शोधाबद्दल.

येथें शीर्षकाकडे बारकाईनें पाहिलें पाहिजे. तें मराठींत ‘लिथियम नायोबेट व लिथियम टँटॅलेट यांतील वक्रीभवनांकाची प्रकाशजन्य विषमता’ असें होईल. त्यांत दोषवाचक शब्द नाहीं. विषमता एवढेंच म्हटलें आहे. परंतु हा प्रकार स्वतः मनोवेधक असला तरी अशा स्फटिकांपासून बनविलेल्या साधनांस फार घातक आहे, असा अभिप्राय कर्त्यांनीं निबंधांत दिलाच आहे. या अभिप्रायावरूनच प्रयोगशाळांतून ‘प्रकाशजन्य इजा’ हें नांव पडलें व तें टिकलें. नांव फसवें आहे. अति प्रखर लेसरानें स्फटिक तडकतो किंवा जळतो, ती खरी इजा. ती तापवून बरी होत नाहीं. येथें स्फटिकाचा एकहि अणु मोडलेला नसतो. एका नांवाखालीं दोन निराळ्या गोष्टी आल्यामुळें नवख्या वाचकाचा घोटाळा होतो, तो आजहि होतो.

४. वाचनाचा पालट, इ. स. १९६८ ते १९७५

दोन वर्षांनीं, इ. स. १९६८ त, त्याच प्रयोगशाळेच्या चेन, लामाकिया व फ्रेझर यांनीं त्याच पत्राच्या तेराव्या खंडांत निबंध लिहिला, त्याचें शीर्षक ‘लिथियम नायोबेटांतील होलोग्राफिक संग्रह’. होलोग्राम म्हणजे दोन किरणांच्या मिलाफानें उमटलेली प्रकाश-अंधाराच्या रेषांची जाळी. तीवर पुन्हां एक किरण टाकला असतां दुसरा किरण मूळ चित्रासह परत उभा राहतो. या कर्त्यांचा युक्तिवाद साधा आहे. प्रकाशाची खूण अंधारांत टिकते व उष्णतेनें पुसते. तर मग ती इजा कशाची, ती लेखन झाली! त्यांनीं स्फटिकाच्या पोटांत चित्रें लिहिलीं आणि वाचून दाखविलीं. द्रव्य तेंच, प्रयोगशाळा तीच, खूणहि तीच; फरक वाचणाऱ्याच्या प्रयोजनांत पडला. सबब, हा गुण संग्रहासाठीं शोधून काढला, ही समजूत कालानुक्रमास धरून नाहीं. संग्रहाची कल्पना १९६८ ची, खुणेची नोंद १९६६ ची.

कारणमीमांसा यानंतरची आहे. इ. स. १९६९ त चेन यानें दाखविलें कीं, उजेडाच्या जागीं सुटलेले इलेक्ट्रॉन सरकून अंधाराच्या जागीं अडकतात, भारांची विभागणी होऊन आंत विजेचा दाब उत्पन्न होतो, व तो दाबच वक्रीभवनांक बदलतो. ज्या गुणासाठीं हा स्फटिक मोलाचा तोच गुण येथें बाधतो, ही यांतील मुख्य गोष्ट. इ. स. १९७१ त पीटरसन, ग्लास व नेग्रान यांनीं लोहाचा अंश कमीजास्त करून ही प्रवृत्ति कमीजास्त करतां येते असें दाखविलें. लोहाचा एक प्रकारचा अणु उजेडांत इलेक्ट्रॉन सोडतो, दुसऱ्या प्रकारचा तो पकडतो. इ. स. १९७४ त ग्लास, फोन डेर लिंडे व नेग्रान यांनीं आणखी एक रहस्य उलगडलें : बाहेरून दाब नसतांहि केवळ उजेडानें या स्फटिकाच्या अक्षाच्या दिशेस प्रवाह वाहतो. लोहमिश्रित स्फटिकांत त्यामुळें दर सेंटीमीटरास एक लक्ष व्होल्टपर्यंत दाब सांचूं शकतो. स्फटिकाचे प्रसिद्ध अंक घेऊन गणित केलें तर एवढ्या दाबानें वक्रीभवनांकांत हजारांत दीडाच्या सुमाराचा फरक पडतो. अंक लहान दिसतो. त्याचा परिणाम पुढें सांगूं.

लेखन झालें, पण वाचनांत एक अडचण आली. वाचण्यासाठीं टाकलेला किरणहि प्रकाशच. तो नवे इलेक्ट्रॉन सोडतो व लिहिलेलें हळूहळू पुसतो. प्रत्येक वाचनानें पोथीचें पान झिजावें तसा हा प्रकार. त्यावर आरसीए प्रयोगशाळेच्या आमोदेई व स्टेब्लर यांनीं इ. स. १९७१ त तोड काढली. स्फटिक सुमारें १०० अंशांपर्यंत तापविला म्हणजे आंतील जड भारकण हलूं लागतात व इलेक्ट्रॉनांच्या जाळीवर तशीच उलट जाळी बसवितात. स्फटिक निवाल्यावर ती उजेडानें पुसत नाहीं. इ. स. १९७५ त याच पद्धतीनें एका लोहमिश्रित स्फटिकांत ५०० होलोग्राम कायम केल्याचें प्रसिद्ध झालें. पुढें इ. स. १९९३ त कॅलिफोर्नियांतील मोक यानें ५,००० होलोग्राम एका स्फटिकांत सांठविले, आणि इ. स. १९९४ त स्टॅनफर्ड येथें आंकडेबद्ध मजकूर याच मार्गानें लिहून वाचण्यांत आला. बाजारांत मात्र चुंबकीय तबकड्यांनींच आपली जागा राखली.

५. प्रकाशवाहिन्यांतील स्थिति

आतां मुख्य विषयाकडे वळतों. इ. स. १९६९ त बेल प्रयोगशाळेच्या मिलर यानें अशी योजना मांडली कीं, तारांतून जशी वीज नेतात तसा एका लहान तुकड्याच्या पृष्ठभागांतून प्रकाश कालव्यासारखा न्यावा. त्यासाठीं कालव्याच्या जागीं वक्रीभवनांक भोंवतालपेक्षां जास्त पाहिजे. मग प्रकाश बाहेर न सांडतां आंतच राहतो. लिथियम नायोबेटांत असे कालवे दोन प्रकारांनीं करितात. इ. स. १९७४ त श्मिट व कॅमिनाउ यांनीं टायटेनियम धातूचा पातळ पट्टा पृष्ठावर बसवून सुमारें १,००० अंशांच्या उष्णतेंत तो आंत जिरविला. इ. स. १९८२ त जॅकेल, राइस व वेसेल्का यांनीं स्फटिक तापलेल्या बेन्झोइक ॲसिडांत बुडवून पृष्ठाजवळील लिथियमच्या जागीं हायड्रोजनचे भारकण बसविले. पहिल्या रीतीनें अंक शतांशाच्या सुमारास वाढतो, दुसऱ्या रीतीनें एका कंपनदिशेस दशांशाच्या सुमारास.

या वाहिन्यांत विकार कां बळावतो, हें साध्या गुणाकारानें कळतें. पांच सहस्रांश मिलिमीटर रुंद व तितकीच खोल वाहिनी घ्या. तींतून एक सहस्रांश वॉट इतका क्षीण प्रकाश नेला तरी दर चौरस सेंटीमीटरास ४,००० वॉट पडतात. भर दुपारच्या उन्हांत तेवढ्या जागेवर दशांश वॉट पडतो. म्हणजे डोळ्यांस मंद दिसणारा हा किरण वाहिनीच्या आंत उन्हाच्या चाळीस हजारपट प्रखर असतो. शिवाय उजेडाच्या जागीं वक्रीभवनांक उतरतो हें वर आलेंच आहे. ज्या चढलेल्या अंकाच्या भिंतींमुळें प्रकाश कालव्यांत राहतो, त्या भिंती तो स्वतःच खचवितो, असा याचा अर्थ.

आणि येथें लहान फरकहि पुरतो. अशा साधनांत बहुधा एका किरणाचे दोन फांटे करून पुन्हां मिळवितात. दोहोंच्या चालींत अर्ध्या तरंगाचा फरक पडला कीं उजेडाच्या जागीं अंधार येतो. एक सेंटीमीटर लांबीच्या फांट्यांत तांबड्या प्रकाशास हा अर्धा तरंग चुकविण्यास वक्रीभवनांकांत लाखांत तीन इतका फरक बस्स होतो. म्हणून एका फांट्यांत प्रकाश थोडा जास्त गेला तरी ठरविलेला समतोल तासातासानें सरकत जातो. टायटेनियमच्या वाहिन्यांतील हा प्रकार ग्लास, कॅमिनाउ, बॉलमन व ऑल्सन यांनीं इ. स. १९८० त तपासला, इ. स. १९८५ त बेकर व विल्यमसन यांनीं वाहिन्यांसाठीं त्याचें गणित मांडून प्रयोगानें पडताळा दिला. सारांश असा कीं, निळ्या-हिरव्या प्रकाशास हा विकार तीव्र, तांबड्यास सौम्य, आणि संदेशवहनांत वापरल्या जाणाऱ्या अवरक्त प्रकाशास फारच थोडा असतो. समुद्राखालून जाणाऱ्या कांचतंतूंच्या संदेशांत हा स्फटिक निर्वेधपणें वापरतां आला, त्याचें एक मोठें कारण हेंच.

६. उपाय

उपायांचा क्रम असा. उष्णतेनें खूण जाते, हें १९६६ पासून ठाऊक होतें. स्फटिक सतत तापलेला ठेवणें हा पहिला उपाय. लोहाचा अंश शक्य तितका काढणें हा दुसरा. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा उपाय इ. स. १९८० त चीनमधील संशोधकांनीं कळविला : वितळलेल्या रसांत सुमारें शेंकडा पांच मॅग्नेशिया मिसळला असतां स्फटिक फार मोठ्या प्रखरतेसहि दाद देत नाहीं. इ. स. १९८४ त ब्रायन, गेर्सन व टोमाश्के यांनीं त्याची खात्री पटविली. मॅग्नेशियामुळें उजेडांत स्फटिक वीज अधिक वाहूं देतो, त्यामुळें भार एका जागीं सांचून राहत नाहींत. बांध घालण्यापेक्षां पाण्यास वाट करून द्यावी, तसें हें आहे. या निबंधाच्या शीर्षकांतहि ‘प्रकाशजन्य इजेस विरोध’ असेच शब्द आहेत. इजेचें नांव अठरा वर्षें टिकलें तें असें.

तथापि उपाय कायमचा झाला म्हणावें तर तसेंहि नाहीं. अलीकडे एक सहस्रांश मिलिमीटरहूनहि पातळ असा लिथियम नायोबेटाचा थर कांचेसारख्या पृष्ठावर बसवून वाहिन्या कोरतात; हार्वर्डच्या संशोधकांनीं इ. स. २०१८ त अशा थरावर अत्यल्प दाबानें चालणारीं साधनें करून दाखविलीं. या थरांत कोरलेल्या कड्यांतून प्रकाश पुन्हां पुन्हां फिरतो, प्रखरता आणखी वाढते, आणि जुना विकार नव्या रूपानें, अधिक वेगानें, परत दिसतो. असल्या कड्यांवरील आच्छादनाचा थर काढला असतां तो पुष्कळ कमी होतो, असें इ. स. २०२१ त प्रसिद्ध झालें आहे. उलट पक्षीं, इ. स. १९९५ त या विकाराच्याच साहाय्यानें किरणानें आपला मार्ग आपणच कोरावा, असेहि प्रयोग या स्फटिकांत झाले. म्हणजे एके ठिकाणीं जो वाहिनी मोडतो, तोच दुसरीकडे वाहिनी घडवितो.

७. निर्णय

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी ठरतात.

(अ) या विकाराची आद्य नोंद इ. स. १९६६ ची असून ती दुसऱ्याच हेतूनें चाललेल्या कामांत मिळाली. त्यास लेखनाचें साधन मानण्याचा मान इ. स. १९६८ च्या निबंधाकडे जातो.

(आ) ‘विषमता’, ‘संग्रह’, ‘फेरफार’, ‘इजा’ हीं नांवें द्रव्याचीं वर्णनें नसून त्या त्या कर्त्याच्या प्रयोजनाचीं साक्षीदार आहेत. शीर्षकावरून कर्ता कोणत्या तीरावर उभा आहे हें कळतें. नदी कशी आहे हें कळत नाहीं. आमच्या मतें संस्कृतांतील ‘विकार’ हा शब्द येथें सर्वांत निर्दोष आहे. सोन्याचें कडें हा सोन्याचा विकार. तें वितळविलें कीं पुन्हां सोनें. मराठींत त्या शब्दास रोगाचा वास लागला आहे, पण मूळ अर्थ रूपांतर एवढाच, आणि उष्णतेनें पूर्ववत् होणाऱ्या या स्थितीस तो तंतोतंत लागू पडतो.

(इ) लेखनासाठीं गुण व वाहिनीसाठीं दोष, हे दोन्ही अभिप्राय एकाच वेळीं खरे आहेत. एक स्वीकारून दुसरा खोडण्याचें कारण नाहीं.

यांतील तिसरा निर्णय आमच्या वाचकांच्या कामाचा आहे. जुन्या पोथींतील अशुद्ध अक्षरावर पूर्वीचे लेखक हरताळ फांसीत. पण हरताळाखालचें अक्षर पुष्कळदां उजेडाकडे धरून वाचतां येतें, आणि कधीं कधीं तेंच मूळ ठरतें. अलीकडे कित्येक संग्राहक पानें स्वच्छ दिसावींत म्हणून धुववितात, समासांतील बोटांचे ठसे व तेलाचे डाग काढवितात, बांधणी सारखी यावी म्हणून कडा छाटवितात. एकदां धुतलेलें पान कोणत्याहि उष्णतेनें पूर्ववत् होत नाहीं. बेल प्रयोगशाळेंतील सात जणांस ती खूण नकोशी होती. तरीहि त्यांनीं ती कोठें उठते, किती टिकते, कशानें जाते, हें सर्व लिहून ठेविलें. त्यांनीं ती केवळ पुसून टाकून पुढचें काम चालविलें असतें, तर १९६८ चा निबंध लिहिण्यास चेन व त्याचे सोबती यांस आधार राहिला नसता. डागाचा अर्थ आज लागत नसेल तर तो नोंदून ठेवावा व जागच्या जागीं राहूं द्यावा, इतकेंच आमचें सांगणें आहे. विस्तारभयास्तव येथेंच थांबतों. इत्यलम्.